नकाशावरच्या टाचणीवर किती विश्वास ठेवायचा?

आयपी पत्ता हाती लागला की माणूस सापडलाच, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. त्या पत्त्यावरून खरोखर काय कळतं, ते कसं शोधलं जातं आणि विज्ञानाला कुठे थांबावं लागतं, याचा हा वेध.

८.८.८.८ हा इंटरनेटवरच्या सर्वाधिक ओळखीच्या आयपी पत्त्यांपैकी एक. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, तेव्हा त्या नावामागचा आकडी पत्ता शोधून देणारी गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा या पत्त्यावर डिसेंबर २००९ पासून चालते. हा पत्ता कुणाच्या नावावर आहे, असं अधिकृत नोंदवहीला विचारलं तर उत्तर मिळतं : गूगल, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

आता मुंबईत चांगल्या फायबर जोडणीवरून याच पत्त्याला ‘पिंग’ करा. म्हणजे एक छोटासा संदेश पाठवा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. उत्तर अवघ्या काही मिलिसेकंदांत येतं. समजा, पाच मिलिसेकंद लागले. मुंबई ते कॅलिफोर्निया हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो; निर्वातातल्या वेगाच्या दोन-तृतीयांश. म्हणजे कॅलिफोर्नियाला जाऊन परत यायला किमान १३५ मिलिसेकंद हवेत. पाच मिलिसेकंदांत प्रकाश जाऊन-येऊन फार तर पाचशे किलोमीटर दूरच्या ठिकाणाला शिवू शकतो. तेव्हा उत्तर देणारं यंत्र कॅलिफोर्नियात असणं शक्यच नाही. ते मुंबईतच किंवा आसपास कुठेतरी असणार.

यात नोंदवहीचं काही चुकलेलं नाही आणि घड्याळाचंही नाही. पत्ता कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा आहे, पण त्या एकाच पत्त्यावर जगभरातल्या अनेक शहरांतली यंत्रं एकाच वेळी उत्तर देतात. या पद्धतीला ‘एनिकास्ट’ म्हणतात. मुंबईकराला मुंबईतलं यंत्र उत्तर देतं, पॅरिसच्या माणसाला युरोपातलं. मग ‘८.८.८.८ कुठे आहे?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर कसं देणार?

आयपी पत्त्याची माहिती शोधताना आपण खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो. पत्ता कुणाच्या नावावर आहे? त्याच्यापर्यंत रस्ता कुठून जातो? आणि तो वापरणारं यंत्र पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे? पहिल्याचं उत्तर नोंदींतून मिळतं, दुसऱ्याचं जाळ्याच्या चालू वाहतुकीतून. तिसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा अनुमानानंच काढावं लागतं. लोकांना सर्वाधिक रस असतो तो नेमका या तिसऱ्या प्रश्नात, आणि विज्ञानाची पकड सर्वांत सैल आहे तीही तिथेच.

नोंदवही काय सांगते?

आज सर्वाधिक परिचित असलेला आयपी पत्ता, म्हणजे चौथी आवृत्ती, सप्टेंबर १९८१ मध्ये प्रमाणित झाली. शून्य ते २५५ मधले चार आकडे, मधे टिंबं. यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. हे पत्ते कुणी मनानं उचलून वापरायचे नसतात. त्यांचं वाटप वरून खाली होतं. सर्वांत वर ‘आयाना’ ही संस्था. तिच्याखाली पाच प्रादेशिक नोंदणी संस्था : उत्तर अमेरिकेसाठी एरिन, युरोप व पश्चिम आशियासाठी ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी, आशिया-प्रशांत टापूसाठी ब्रिस्बेनची एपनिक, लॅटिन अमेरिकेसाठी माँटेव्हिडिओची लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी मॉरिशसमधली आफ्रिनिक. भारतात एपनिकच्या अखत्यारीत ‘आयआरआयएनएन’ ही राष्ट्रीय नोंदणी काम करते. देशांतर्गत वाहतूक देशातच फिरावी म्हणून २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या ना-नफा कंपनीचा ती एक भाग आहे. तिच्याकडून किंवा थेट एपनिककडून इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या पत्त्यांचे गठ्ठे घेतात आणि ग्राहकांना वापरायला देतात.

ही नोंद कुणालाही पाहता येते. त्यासाठीची ‘हूइज’ ही व्यवस्था १९८२ पासूनची आहे. २०१५ पासून तिच्या जोडीला ‘आरडॅप’ ही अधिक शिस्तबद्ध व्यवस्था आली. एखादा पत्ता हूइजला विचारला की चार-दोन ओळींची माहिती येते : तो कोणत्या गठ्ठ्यातला आहे, त्या जाळ्याचं नाव काय, संस्था कोणती, देश कोणता, तांत्रिक संपर्क कोण आणि गैरवापराची तक्रार कुठे करायची. यातली शेवटची ओळ सर्वांत कामाची. आपल्या संगणकावर कुठूनतरी सतत घुसखोरीचे प्रयत्न होत असतील, तर त्या जाळ्याच्या चालकाला कळवायचा रस्ता तिथे मिळतो.

पण या नोंदीतला ‘देश’ आणि ‘पत्ता’ हा नोंदणीकृत संस्थेचा असतो. सातबाऱ्यावर शेताच्या मालकाचं नाव असतं; या क्षणी त्या शेतात कोण उभं आहे, ते सातबारा सांगत नाही. तसंच इथेही. कंपनीचं मुख्य कार्यालय नवी मुंबईत असेल, तर गडचिरोलीत वापरल्या जाणाऱ्या तिच्या पत्त्याच्या नोंदीतही नवी मुंबईच दिसू शकते.

रस्ता कसा ठरतो?

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांचं जाळं. मोबाइल कंपन्या, विद्यापीठं, बँका, माहिती साठवणाऱ्या कंपन्या अशा प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक क्रमांक मिळतो. त्याला ‘स्वायत्त प्रणाली क्रमांक’ किंवा थोडक्यात एएस क्रमांक म्हणतात. गूगलचा १५१६९, क्लाउडफ्लेअरचा १३३३५, बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६. आयपी पत्त्याचा तपशील दाखवणारी कोणतीही सेवा हा क्रमांक दाखवते, आणि जाणकार माणूस सर्वांत आधी तोच पाहतो. पत्ता घरगुती ग्राहकांच्या जाळ्यातला आहे की भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा, हे त्यातून लगेच उमगतं. बँकेत पुण्याच्या खातेदाराच्या नावानं रात्री दोन वाजता लॉगिन झालं आणि पत्ता परदेशातल्या सर्व्हर कंपनीचा निघाला, तर बँकेची यंत्रणा सावध होते ती याच माहितीच्या जोरावर.

ही जाळी एकमेकांना ‘माझ्याकडे हे हे पत्ते आहेत’ असं सतत कळवत असतात. त्यासाठीच्या भाषेचं नाव बीजीपी. याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी जानेवारी १९८९ मध्ये टेक्ससमधल्या एका बैठकीच्या वेळी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा मांडला, हे संगणक-इतिहासात नोंदलेलं आहे. ही व्यवस्था उभी राहिली ती परस्परविश्वासावर. शेजाऱ्यानं सांगितलं ते खरं मानायचं आणि पुढे सांगायचं.

या विश्वासाची परीक्षा २४ फेब्रुवारी २००८ रोजी झाली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या जाळ्यात ‘२०८.६५.१५३.० पासूनचे २५६ पत्ते माझ्याकडे आहेत’ अशी घोषणा केली, म्हणजे यूट्यूबकडे जाणारी वाहतूक आत वळवून नष्ट करता येईल. पण ती घोषणा देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीनं ती न तपासता जगभर पोचवली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गठ्ठ्याची होती. बीजीपीत लहान गठ्ठ्याची घोषणा अधिक नेमकी म्हणून वरचढ ठरते. परिणामी जगभरातली यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागातून गायब झालं. या काळात नोंदवहीत पत्ते यूट्यूबच्याच नावावर होते. रस्ता तेवढा भलतीकडे जात होता. अशा प्रसंगांतूनच पत्त्यांच्या मालकीला गणिती सही जोडणारी ‘आरपीकेआय’ ही पडताळणी पुढे रूढ झाली. आज एखाद्या पत्त्याचा जाळे-तपशील पाहिला की ती सही जुळते की नाही, हेही सोबत दिसतं.

ठिकाण शोधण्याचं शास्त्र

आयपी पत्त्यावरून देश ओळखता येईल का, हा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो एका न्यायालयात. याहूच्या लिलाव पानावर नाझी वस्तू विकल्या जात होत्या. फ्रान्सच्या कायद्यानुसार त्या तिथल्या लोकांना दाखवणं गुन्हा होता. ‘ग्राहक फ्रेंच आहे हे आम्हाला कसं कळणार?’ असा याहूचा बचाव होता. पॅरिसच्या न्यायालयानं तीन तज्ज्ञ नेमले. इंटरनेटच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ त्यांत होते. फ्रान्समधून येणाऱ्या सुमारे ७० टक्के वापरकर्त्यांचा देश आयपी पत्त्यावरून ओळखता येईल, असा अंदाज तज्ज्ञांनी दिला आणि नोव्हेंबर २००० मध्ये निकाल याहूच्या विरोधात गेला. इंटरनेटला सीमा नसतात, या तोवरच्या समजुतीला तिथे पहिला मोठा धक्का बसला. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला एखादा सामना किंवा मालिका लावताना ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी दिसते, तिचं मूळ याच विचारात आहे.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, वेंकट पद्मनाभन आणि लक्ष्मीनारायणन सुब्रमणियन या दोन भारतीय संशोधकांनी या शास्त्राचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. पद्मनाभन पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये आले आणि २०१६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. या दोघांनी तीन वाटा तपासल्या, आणि आजही हा सगळा व्यवहार साधारण त्याच तीन वाटांनी चालतो.

पहिली वाट नावांची. संदेश कोणकोणत्या राउटरमधून गेला हे ‘ट्रेसराउट’ नावाच्या साधनानं कळतं. प्रत्येक संदेशावर ‘अजून किती टप्पे जायचं’ असा आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की संदेश टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट आधी एक टप्प्याचा संदेश पाठवतं, मग दोनचा, मग तीनचा. अशा रीतीनं वाटेतला एकेक राउटर आपली ओळख देत जातो. या राउटरांची नावं ठेवताना अभियंते अनेकदा विमानतळांचे तीन अक्षरी संकेत वापरतात. नावात ‘बीओएम’ दिसलं तर मुंबई, ‘एमएए’ म्हणजे चेन्नई, ‘एसआयएन’ म्हणजे सिंगापूर. अर्थात यंत्र दुसऱ्या शहरात हलवलं आणि नाव बदलायचं राहिलं, तर हा पुरावा दिशाभूल करतो.

दुसरी वाट वेळेची, म्हणजे सुरुवातीला पाहिलेली. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद म्हणजे जास्तीत जास्त शंभर किलोमीटर, हा तिचा नियम. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली अशा तीन ठिकाणांहून एकाच पत्त्याला पिंग केलं, की प्रत्येक ठिकाणाभोवती एक वर्तुळ मिळतं. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांत शिरतात, तिथेच कुठेतरी ते यंत्र असलं पाहिजे. राइप एनसीसीच्या ‘ॲटलस’ प्रकल्पात जगभरच्या स्वयंसेवकांनी घराघरांत, कार्यालयांत हजारो छोटी मोजणी-यंत्रं बसवली आहेत, ती अशा कामासाठी वापरता येतात. या पद्धतीची खुबी अशी, की ‘यंत्र इथे असूच शकत नाही’ हे ती पक्कं सांगते. ‘इथेच आहे’ हे मात्र ती क्वचितच सांगू शकते. कारण केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत रांगा लागतात, आणि उशीर झाला तो अंतरामुळे की गर्दीमुळे हे वेगळं काढणं अवघड असतं.

तिसरी वाट लोकांनी स्वतः दिलेल्या माहितीची. हवामान पाहण्यासाठी कुणी पिनकोड टाकतो, खरेदी करताना घरपोच वस्तूसाठी पत्ता देतो, मोबाइल ॲपला जीपीएस वापरायची परवानगी देतो. त्याच वेळी त्याचा आयपी पत्ताही समोर असतो. अशा लाखो जोड्या जमवल्या की पत्त्यांच्या कोणत्या गठ्ठ्यात कुठले लोक आहेत, याचा नकाशा तयार होतो. याला आता कंपन्यांच्या अधिकृत घोषणांची जोड मिळाली आहे. २०२० मध्ये ‘जिओफीड’ नावाचा साधा नमुना निश्चित झाला. त्यात एकेका ओळीत पत्त्यांचा गठ्ठा, देश, राज्य आणि शहर एवढंच लिहायचं. उदाहरणार्थ, ‘२०३.०.११३.०/२४, आयएन, आयएन-एमएच, पुणे’. हा गठ्ठा केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तो कुणालाही दिला जात नाही. अशी ओळ जाळ्याच्या चालकानं स्वतः प्रसिद्ध केली की बाकीच्यांना अंदाज करत बसावं लागत नाही.

मॅक्समाइंडसारख्या कंपन्या हे सगळे धागे एकत्र विणून पत्ता-ठिकाणांच्या मोठ्या याद्या बनवतात आणि विकतात. देश ओळखण्यात या याद्या चांगल्या आहेत. शहरापर्यंत आल्या की त्यांचा भरवसा बराच घटतो, आणि गल्ली किंवा घर हे तर त्यांच्या आवाक्यातलंच नाही. इथे एक गोंधळ दूर करायला हवा. टॅक्सीचं ॲप आपल्याला इमारतीच्या फाटकापर्यंत ओळखतं ते जीपीएस, आसपासचे वायफाय संच आणि मोबाइल टॉवर यांच्या आधारे. आयपी पत्त्याचा त्यात वाटा नगण्य असतो.

एका पत्त्यामागे किती माणसं?

४२९ कोटी पत्ते १९८१ साली अमाप वाटले होते. ते संपले. फेब्रुवारी २०११ मध्ये आयानानं आपल्याकडचे शेवटचे गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून टाकले आणि त्याच एप्रिलमध्ये एपनिकचा सर्वसाधारण साठा सर्वांत आधी आटला. भारतात स्मार्टफोनची लाट त्यानंतर आली. त्यामुळे मोबाइल कंपन्यांना एक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटावा लागला. या व्यवस्थेला ‘कॅरिअर ग्रेड नॅट’ म्हणतात. तिच्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवले गेले.

हे स्वतः तपासता येतं. वायफाय बंद करून फोनच्या सेटिंगमध्ये आपला आयपी पत्ता पाहा. चौथ्या आवृत्तीचा पत्ता बहुधा १० नं किंवा १०० नं सुरू झालेला दिसेल. मग ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणारं एखादं संकेतस्थळ उघडा. तिथे वेगळाच पत्ता दिसेल. पहिला कंपनीच्या जाळ्याच्या आतला. दुसरा बाहेरच्या जगाला दिसणारा आणि त्याच क्षणी तुमच्यासारख्या अनेकांनी वाटून घेतलेला.

त्यातून ठिकाणाचाही घोळ होतो. मोबाइलवरची वाहतूक कंपनीच्या मोजक्या शहरांतल्या प्रवेशद्वारांतून बाहेर पडते. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीनं मुंबई हे वेगळं परिमंडळ आहे, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. त्यामुळे कणकवलीत किंवा मडगावात बसलेल्या माणसाची टाचणी मुंबईत किंवा पुण्यात टोचलेली दिसली, तर नवल नाही. यादी चुकलेली नसते. तिनं वाहतूक बाहेर पडण्याचं ठिकाण सांगितलेलं असतं. व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणारी सेवा वापरली, तर तेवढाही संबंध उरत नाही. मग जी टाचणी दिसते ती व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरची.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे आहेत. ते इतके विपुल आहेत, की प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देता येतो. त्यांच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण तिथेही खासगीपणा जपण्यासाठी फोन आणि संगणक आपल्या पत्त्याचा मागचा अर्धा भाग ठरावीक काळानं बदलत राहतात.

चुकीच्या टाचणीची किंमत

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका शेतघरावर वर्षानुवर्षं अनोळखी माणसं येऊन थडकत होती. कुणी फसवणुकीचा जाब विचारायला, कुणी चोरीचा माल शोधायला. पोलीस येत, केंद्रीय तपासयंत्रणेचे अधिकारी येत, आत्महत्येच्या बेतात असलेल्या कुणाला तरी वाचवण्यासाठी रुग्णवाहिका येत. शेवटी तिथल्या शेरीफला रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावावी लागली, की या घरी जाण्याआधी मला विचारा.

काश्मीर हिल या पत्रकार महिलेनं एप्रिल २०१६ मध्ये यामागचं कारण उजेडात आणलं. मॅक्समाइंडच्या यादीत ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेतला’ यापलीकडे काही माहीत नव्हतं, त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिलेला होता. भौगोलिक मध्य आहे ३९ अंश ५० मिनिटं उत्तर, ९८ अंश ३५ मिनिटं पश्चिम. सोयीसाठी त्याऐवजी आसपासचे सुटसुटीत आकडे घेतले गेले : ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो बिंदू या शेतात पडत होता. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका घराकडे बोट दाखवत होते. ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे उत्तर यादीत अंशांच्या आकड्यांनी लिहिलेलं होतं आणि वाचणाऱ्यांनी ते घराचा पत्ता म्हणून वाचलं. कंपनीनं नंतर तो बिंदू विचिटाच्या पश्चिमेला एका तलावात हलवला.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातही एका घराच्या परसात असाच बिंदू होता. अमेरिकेच्या भू-स्थानिक गुप्तवार्ता संस्थेनं ‘प्रिटोरिया शहर’ म्हणून नेमलेले अक्षांश-रेखांश तिथे पडत होते, आणि हरवलेले फोन शोधणारे लोक व पोलीस त्या कुटुंबाच्या दारात येत राहिले. हा सगळा प्रकार २०१९ मध्ये प्रकाशात आला.

या दोन्ही ठिकाणी गणितात मोठी चूक नव्हती. अंदाजाभोवतीचं अनिश्चिततेचं वर्तुळ नाहीसं झालं आणि मध्यातला बिंदू तेवढा उरला, ही चूक होती. आता मॅक्समाइंड आपल्या यादीत प्रत्येक ठिकाणासोबत किलोमीटरमध्ये ‘अचूकतेची त्रिज्या’ देते. ती शंभर किंवा हजार असेल, तर त्या टाचणीला घराचा पत्ता म्हणून काडीचाही अर्थ नाही. दुर्दैवानं अनेक संकेतस्थळं बिंदू दाखवतात आणि त्रिज्या गाळून टाकतात.

घड्याळाचा काटा

आपल्याकडचं उदाहरण अधिक गंभीर आहे. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याचा माग काढत ऑगस्टअखेर बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. सेवादात्या कंपनीनं पुरवलेला ग्राहकाचा तपशील चुकीचा होता. संबंधित वेळ रात्रीची की दुपारची याबाबतचा गोंधळ त्याच्या मुळाशी असल्याचं नंतर सांगितलं गेलं. त्या निरपराध माणसाला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले.

पत्ता बरोबर असला, तरी तो नेमक्या कोणत्या क्षणी कुणाकडे होता हे चुकलं की सगळंच चुकतं. आज पत्ते मिनिटामिनिटाला हात बदलतात आणि एकेक पत्ता अनेकांत वाटलेला असतो. म्हणून तपासासाठी चार गोष्टी एकत्र हव्यात : आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, ती वेळ कोणत्या प्रमाणवेळेत आहे आणि पोर्ट क्रमांक. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे, एवढा फरक विसरला तरी दुसऱ्याच घराचा दरवाजा ठोठावला जाऊ शकतो. पोर्ट क्रमांक म्हणजे वाटून घेतलेल्या पत्त्यातला तुमचा वाटा. ० ते ६५,५३५ मधला एक आकडा. सर्व्हरनी तोही नोंदवून ठेवावा, अशी शिफारस इंटरनेटच्या अभियंत्यांनी २०११ मध्येच केली आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात संगणकांची घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं आणि नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक केलं, त्यामागचं कारण हेच.

या चारही गोष्टी जुळवून ग्राहकाचं नाव सांगणं फक्त सेवादात्या कंपनीला शक्य असतं, आणि ते तिनं कायदेशीर मागणीनंतरच सांगायचं असतं. तिथेही हाती लागतं ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव. घरातलं वायफाय पाहुणे वापरतात, शेजारी वापरतात, वसतिगृहातली सगळी मुलं वापरतात. की-बोर्डवर बोटं कुणाची होती, हे शोधायला पुढचा तपास करावाच लागतो.

वाचकांसाठी

आयपी पत्त्याचा तपशील पाहणं हे अतिशय उपयोगी कौशल्य आहे आणि ते प्रत्येकाला यायला हवं. पत्ता कोणत्या जाळ्याचा, कोणत्या प्रकारच्या कंपनीचा, कोणत्या देशातला, तक्रार कुठे करायची, हे त्यातून बऱ्यापैकी खात्रीनं कळतं. शहराचं नाव दिसलं तर ते ‘असू शकतं’ एवढ्याच वजनानं घ्या. नकाशावर घर दिसलं तर त्याकडे दुर्लक्षच करा. अशी सेवा बनवणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांनी टाचणीऐवजी वर्तुळ दाखवावं. बातमीदारांनी ‘आयपी पत्त्यावरून आरोपीचं घर सापडलं’ असं लिहिण्यापूर्वी वेळ आणि पोर्ट यांची पडताळणी झाली का, हे विचारावं.

तुम्हाला धमकीचा संदेश आला किंवा फसवणूक झाली, तर आयपी पत्ता शोधून कुणाच्या दारात जाऊ नका. ईमेल मूळ हेडरसकट जपून ठेवा, संदेश पुसू नका, तारीख आणि नेमकी वेळ लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सेवादात्या कंपन्या नोंदी कायमच्या ठेवत नाहीत, म्हणून तक्रारीला एक दिवसही उशीर करू नका.